आबांची सही

मला फॉर्म भरायची खोड आहे, हे आधीच सांगून टाकतो. भुसावळला रेल्वेच्या पार्सल ऑफिसात सोळा वर्षं काढली की माणसाचं असंच होतं. कागदातला एखादा रकाना रिकामा दिसला की माझे हात शिवशिवतात. आमची सुनंदा, म्हणजे माझी बायको, म्हणायची, "तुम्ही स्वर्गाच्या दारात गेलात तरी विचाराल, अर्जाच्या प्रती दोन आणू की तीन?" मी तिच्यावर चिडायचो. चिडायचा मला काही हक्क नव्हता, पण ते नंतर कळलं.

वर आणखी भुसावळच्या मंडळीचा मी सेक्रेटरी. आम्हा ख्रिस्ती लोकांत मंडळी म्हणजे देवळात जमणारा आमचा सगळा समाज. बाप्तिस्म्याचं, लग्नाचं आणि मयताचं अशी तिन्ही रजिस्टरं माझ्या ताब्यात होती. कपाटाची किल्ली मी पाळकसाहेबांना, म्हणजे आमच्या धर्मगुरूंनासुद्धा सहज देत नसे. एवढा मी शहाणा!

एकोणीसशे एकोणसाठ साली माझ्या आईबापांच्या लग्नाला पन्नास वर्षं पुरी होणार होती. दोघंही भडगावजवळ गिरणेकाठच्या आमच्या खेड्यात राहत. वडील जीवराम, त्यांना मी आबा म्हणतो. आई भिकुबाई, ती माझी माय. मला वाटलं, या दोघांनी मला देव दिला, अक्षर दिलं, घरात एकमेकांवर कधी हात नाही की अपशब्द नाही असं बालपण दिलं. त्यांचे उपकार मानायचे तर देवासमोर, चारचौघांत मानावेत. म्हणून भडगावच्या लहानशा प्रार्थनाघरात उपकारस्तुतीची भक्ती ठरवली. लग्न आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला झालं होतं, म्हणून भक्ती आखाजीनंतरच्या रविवारी. इथपर्यंत माझं काहीच चुकलं नव्हतं, शपथ घेऊन सांगतो.

आता ते लग्न कसं, ते सांगतो. आबा तेव्हा बारा वर्षांचे, माय आठ वर्षांची. दोन्ही घरं कपाशी लावणाऱ्या शेतकऱ्यांची, हिंदू. नदीपलीकडे मायच्या गावात मांडव पडला, पंच बसले, ब्राह्मणानं मंगलाष्टकं म्हटली, सगळं रीतीप्रमाणे. ख्रिस्ताचं नाव दोघांनी ऐकलंसुद्धा नव्हतं. पुढे एकवीस साली आबांनी बाप्तिस्मा घेतला. मी तेव्हा वर्षाचा होतो. गावानं आबांचं पाणी बंद केलं, भावांनी बांधावरून हाकललं, पोटासाठी आबा मिशनची नोकरी करू लागले, आणि मायनं काय केलं? मायनं बाप्तिस्मा घेतला नाही आणि नवराही सोडला नाही.

त्या वर्षीच्या आखाजीला तिचा थोरला भाऊ तोताराम गाडी जुंपून आला. खानदेशात आखाजीला लेकी माहेरी जातात, झोक्यावर बसतात, गाणी म्हणतात. पण ती गाडी सणाची नव्हती. "आते चाल, आनि परत येऊ नको," असं सांगायला ती आली होती. मायनं भावाला पाणी दिलं, बैलांना चारा टाकला आणि गाडी रिकामी परत पाठवली. तेव्हापासून तिला माहेर तुटलं. तिची आई वारली ते तिला तेराव्याला कळलं.

नऊ वर्षं ती तशीच राहिली. आबा रविवारी चार कोस चालून प्रार्थनेला जायचे, ती शनिवारी मारुतीला तेल घालायची. एकाच चुलीवर दोघांचं जेवण. नऊ वर्षांनी एक दिवस ती आपण होऊन म्हणाली, माझाही बाप्तिस्मा करा. मी दहा वर्षांचा होतो, माझाही तिच्याबरोबरच झाला. नथ्थूचा मी नथानेल झालो, पण घरात नथ्थूच राहिलो. पुढे कुणी तिला मंडळीत साक्ष द्यायला, म्हणजे आपल्या विश्वासाचा अनुभव सांगायला, उभं केलं की ती एवढंच म्हणायची, "हाऊ मानूस माले सोडी गया नही. मंग त्याना देव बी सोडाव नही, असं माले वाटनं." ती खाली बसायची आणि पाळक जरा गोंधळून पुढचं गायन सुरू करायचे.

हे सगळं मला माहीत होतं. माहीत असून मी जे केलं ते केलं.

झालं असं, की आदल्या वर्षी भुसावळला एका गार्डसाहेबांच्या लग्नाला पंचवीस वर्षं झाली. त्या दिवशी पाळकांनी लग्नाच्या रजिस्टरातून तारीख आणि नोंदणीचा नंबर वाचून दाखवला. दाखल्याची नक्कल काचेच्या फ्रेमीत घालून त्यांच्या हाती दिली. टाळ्या पडल्या. माझे सासरे शेजारी बसले होते. त्यांच्या घरात तीन पिढ्या चर्चमध्ये लग्नं झालेली. ते सहज म्हणाले, "जावईबापू, तुमच्या आईवडलांचं लग्न कुठल्या चर्चमधलं?" मी काहीतरी पुटपुटलो. पण ते माझ्या डोक्यात बसलं ते बसलंच. माझ्या आईबापांची नोंद कुठल्याच रजिस्टरात नाही! मी सेक्रेटरी आणि माझ्याच घरचा रकाना रिकामा!

मी पाळकसाहेबांकडे गेलो. मोतीलाल त्यांचं नाव, शांत माणूस. म्हटलं, "साहेब, उपकारस्तुती झाली की पाच मिनिटांत आबा-मायचं लग्न ख्रिस्ती रीतीनं लावून टाकू. नोंद होईल, दाखला मिळेल."

ते म्हणाले, "नथानेल, बाप्तिस्म्याआधी झालेलं लग्न आपली मंडळी मानते. त्यांना परत कशाला उभं करता?"

"रेकॉर्डसाठी, साहेब."

"तुमचं ते रेकॉर्ड!" ते हसले. "बरं, त्यांची इच्छा असेल तर माझी ना नाही. पण आधी दोघांना नीट विचारा. समजावून सांगा."

घरी आलो तर सुनंदा म्हणाली, "पन्नास वर्षांच्या जोडप्याचं लग्न लावताय? तुमच्याकडे कुणी मागायला आलं होतं का?" मी म्हटलं, "तुला यातलं काय कळतं?" तिला सगळं कळत होतं.

विचारायचं राहिलंच. खरं सांगायचं तर मी विचारलं नाही. विचारलं असतं तर ती दोघं हसली असती, आणि मला स्वतःचं हसं करून घ्यायचं नव्हतं. कपाटातून छापील फॉर्म काढला आणि ऑफिसात बसून सुवाच्य अक्षरात भरला. वराचं नाव, वधूचं नाव, वय, गाव. मग एक रकाना आला, लग्नापूर्वीची स्थिती. वराला 'अविवाहित' किंवा 'विधुर', वधूला 'अविवाहित' किंवा 'विधवा'. नको तो शब्द खोडायचा. तिसरा शब्दच नव्हता. मी घटकाभर लेखणी धरून बसलो. मग वराचा 'विधुर' खोडला आणि वधूचा 'विधवा' खोडला. 'विधवा' खोडताना मला बरंसुद्धा वाटलं, आईचं कुंकू राखल्यासारखं. माणूस स्वतःला किती फसवू शकतो बघा.

भक्तीच्या पंधरा दिवस आधी मी कजगावला उतरून एस.टी.नं गावी गेलो. माय पाण्याला गेली होती. आबा ओट्यावर बसले होते. त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आलेला. माणूस आवाजावरून ओळखायचे, पण आपली मोडीतली सही अजून झोकात करायचे. मी म्हटलं, "आबा, भक्तीना कागद शे. आठे सही करा." घरी आलो की मीही खानदेशीच बोलतो.

"मायले दाखाडा का?"

"दाखाडस ना."

मी बोट धरून जागा दाखवली. त्यांनी कागदाला नाक लावून, सावकाश, एकेक वळण घेत सही केली. वर मला म्हणाले, "भलं करस रे बापू तू. आमनासाठे कोन इतलं करस?" मी कागद घडी करून खिशात घातला.

आखाजीच्या आदल्या दिवशी मी परत गावी आलो, आता मायची सही घ्यायला आणि रविवारची तयारी बघायला. सुनंदा पोरांना घेऊन रविवारी परस्पर येणार होती. आखाजीच्या सकाळी गल्लीतल्या पोरी निंबाला झोके बांधत होत्या. माय चुलीपुढे बसली होती. मी फॉर्म तिच्यापुढे धरला आणि दौत-टाक ठेवला. "माय, सही कर. आबास्नी करी दिधी शे."

मला वाटलं, ती आबांची सही बघेल आणि त्याखाली आपली करेल. इथे माझी अक्कल कुठे चरायला गेली होती कोण जाणे. माय तिशीत वाचायला शिकली. बाप्तिस्म्यानंतर आबांनी तिला कोळशानं जमिनीवर अक्षरं काढून शिकवलं. तेव्हापासून ती हाती येईल ते वाचते. किराण्याच्या पुडीचा कागदसुद्धा ती वाचल्याशिवाय चुलीत घालत नाही.

तिनं हात पुसले, कागद मांडीवर घेतला आणि अक्षराखाली बोट सरकवत वाचायला लागली. मी म्हटलं, "माय, वाचानी गरज नही, छापेल शे." ती वाचतच राहिली. बोट एका जागी थांबलं.

"नथ्थू, अविवाहित म्हंजे लगन नही व्हयेल, असंच ना?"

"ती फॉर्मनी भाषा शे, माय."

"मन्हा नावपुढे लिखेल शे."

"तसं लिखनं पडस. दुसरा शब्दच नही त्यामा."

"आनि हाई खाले त्यास्नी सही शे?"

तिनं सहीवर बोट ठेवलं. ती मोडी तिला येत नव्हती, पण ती सही ती पन्नास वर्षं ओळखत होती. भाकर तव्यावर जळाली तरी तिनं हात लावला नाही. मग उठली, कागदाची घडी करून कमरेला खोचली, डोक्यावरून पदर घेतला आणि चपला घातल्या.

"माय, कथी चालनी?"

"माहेरले."

"माहेरले?" मला वाटलं ती चेष्टा करतेय.

"कागदवर लिखेल शे ना, लगन नही व्हयेल. मंग आंडेर माहेरलेच ऱ्हास." आंडेर म्हणजे लेक. ती ओट्यावरून उतरली. आबा तिथेच बसले होते. पावलं ओळखून त्यांनी विचारलं, "कोठे निंघनी?" तिनं उत्तर दिलं नाही. माझ्या उभ्या जन्मात मायनं आबांना उत्तर दिलं नाही असं मी पहिल्यांदा पाहिलं. वैशाखात गिरणा कोरडी असते. ती वाळू तुडवत सरळ पलीकडे गेली, एकदाही मागे वळली नाही.

माझी पाचावर धारण बसली. तीन दिवसांवर भक्ती. भुसावळहून पंचवीस माणसं येणार, सासरे येणार, आणि ज्या जोडप्यासाठी हे सगळं, त्यातली बाई अडतीस वर्षांपूर्वी तुटलेल्या माहेरी निघून गेलेली! आणि हो, त्या क्षणीसुद्धा मला आधी लोक काय म्हणतील हेच सुचलं. हेही लिहून ठेवतो.

आबा म्हणाले, "कागदवर काय व्हतं? सांग."

फॉर्म मायच्या कमरेला होता, पण मला तो तोंडपाठ होता. मी सांगितला. नाव, वय, गाव. मग तो रकाना. आवाज खाली गेला माझा.

"मोठ्याने सांग."

"जीवराम, अविवाहित. भिकुबाई, अविवाहित."

"मी बी?" आबा म्हणाले. आणि जरा हसले. ते हसणं बघून मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

मग ते म्हणाले, "तुले एक गोट माहित नही. तू तव्हय पाळनामा व्हता. मन्हा बाप्तिस्मा व्हयना, आनि तुन्ही माय येत नही म्हने. तव्हय मिशनना साहेबनी एक कागद मन्हा पुढे ठेवा. साहेब भला मानूस, मन्हं भलंच देखे. म्हने, जीवराम, कायदा शे. बायको तुन्हा धर्ममा येत नही, तर तू कोर्टमाईन मोकळा व्हवू शकस. आठे सही कर. मंग तुले मिशननी पोरगी देखी देऊत."

"मंग?"

"मंग काय? मी म्हनं, साहेब, देवनी माले बलावं, तिले आजून नही बलावं. तोपर्यंत मी वाट देखसु. साहेब रागे भरना. सहा महिना पगार बंद व्हता. नऊ वरीस वाट देखी मी, नथ्थू. सही नही करी." ते थांबले. डोळे नुसते समोर लावून बसले होते, तिथे त्यांना काही दिसत नव्हतं. "साहेबले जे जमनं नही, ते तुले जमनं."

त्यांनी मला थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं. आबांनी मला उभ्या जन्मात कधी मारलं नाही, आणि हे मारणं असं की कुठे हात लावू तेच कळेना. मी त्यांचे पाय धरले. ते म्हणाले, "मन्हा पाय काय धरस? काठी दे. चाल."

ऊन तापलं होतं तरी ते थांबले नाहीत. मी त्यांचा हात धरून नदी ओलांडली. वाळूत त्यांचा पाय रुतायचा, ते उभे राहायचे, दम घ्यायचे, पुन्हा चालायचे. वाट कोसभर होती. मी एकदा म्हटलं, "आबा, मी माफी मागस मायनी." ते चालत राहिले.

तोताराममामाचं घर वेशीजवळच होतं. मी मामांना उभ्या आयुष्यात दोनदा पाहिलं असेल, तेही बाजारात, लांबून. माय त्यांच्या ओट्यावर बसली होती. पुढ्यात ताट होतं, खापरावरची पुरणपोळी आणि आमरस. ती जेवत होती. मामा, पंच्याहत्तरी गाठलेला माणूस, तिच्याशेजारी बसून उपरण्यानं डोळे पुसत होता. आम्हाला बघून तो धडपडत उठला आणि आबांना काय म्हणावं हे त्याला सुचेना. शेवटी म्हणाला, "या, पाव्हना." अडतीस वर्षांनी!

आबा बाजेवर बसले. मी उभाच राहिलो. मला कुणी बस म्हटलं नाही.

मायनं घास गिळला आणि समोर बघत विचारलं, "सही तुम्हनी शे?"

"मन्ही शे," आबा म्हणाले.

"वाचं नही?"

"डोळास्ले दखत नही."

"वाची ल्यावं कोनाकडथून. तुम्ही साहेबना कागद तीनदा वाची लिधा व्हता." म्हणजे तिला त्या साहेबाच्या कागदाचं माहीत होतं. आबांनी तिला कधी सांगितलं नसेल, पण तिला माहीत होतं.

आबा म्हणाले, "तो साहेबनी आना व्हता. हाऊ आंडोरनी आना."

एवढंच बोलले. म्हणजे परक्यानं आणलेला कागद माणूस वाचून घेतो, पोटच्या पोरानं आणलेला वाचत नाही. मायनं तेव्हा पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं.

"काबर करं रे तू असं?"

मी खोटं बोलू शकलो असतो. रेकॉर्ड म्हणालो असतो, मंडळीचा नियम म्हणालो असतो. पण तिथे तोंडातून खरंच निघालं. "फ्रेमसाठे, माय. दाखला फ्रेममा घालीसन भिंतवर लावाले. सासरा विचारस, कोठे लगन व्हयनं, तर माले सांगाले लाज वाटे."

"आमनी लाज?"

"हो."

बाहेर झोक्यावर पोरी गात होत्या. तोताराममामा म्हणाला, "भाचा, तुन्हा सासराले माले विचाराले सांग. ते लगन मी देखेल शे. मांडवना खांब मी गाडा व्हतात. तुन्ही माय मन्हा खांदावर झोपी गयी व्हती, उठाडी उठाडी तिले बोहल्यावर बसाडी." मायला एकदम हसू आलं. तोंडाला पदर लावून ती हसली आणि हसता हसताच रडायला लागली. मी पुढे होऊन तिच्या पायाशी बसलो. तिनं कमरेचा कागद काढून माझ्या हातावर ठेवला. मी तो तिथेच फाडला आणि तुकडे मामींच्या चुलीत घातले. फाडल्यानं काही बरं वाटलं नाही.

मग मामीनं आबांसाठी ताट आणलं. जावयाला द्यायचा पाट आणला, पाय धुवायला तांब्या आणला. तोताराममामा म्हणाला, "पाव्हना, मी त्या सालले गाडी लई उनू, ते चुकनं मन्हं." आबा म्हणाले, "तू भाऊ व्हता. भाऊ येसच." आणि आमरसात पोळी बुडवून जेवायला लागले.

माय म्हणाली, "आते आम्ही आठेच ऱ्हासुत. शनिवारना येसुत." भावाबहिणीचा अडतीस वर्षांचा हट्ट त्या ओट्यावर मिटला, हे मला दिसत होतं. सुनंदाला नंतर सांगितलं तर ती म्हणाली, बरं झालं, तुमच्या मूर्खपणातून काहीतरी चांगलं निघालं. पण तसा हिशेब मला करता येत नाही. चांगलं झालं ते त्यांच्या मोठेपणानं झालं. माझं जे होतं ते तसंच राहिलं.

निघताना मी म्हटलं, "माय, रविवारना मी उठीसन बठ्ठास्पुढे कबूल करस. मी काय लिखं, आबास्नी सही कशी लिधी, बठ्ठं सांगस. देवपुढे सांगस." बठ्ठं म्हणजे सगळं.

"नही."

"काबर? चुकनं शे तर सांगाले नको?"

"देवले सांग. तो आयकस. लोकस्ले नही." तिनं आवाज खाली आणला, आबांना ऐकू जाऊ नये म्हणून. "तू सांगशी तर लोक काय म्हनतीन? जीवरामनी अशा कागदवर सही करी. आंधळाले फसाडं म्हनतीन. तुन्हं मन हलकं कराले त्यास्ना सहीले बट्टा लावू नको."

"मंग मी काय करू?"

"वागाड," ती म्हणाली. म्हणजे बाळग. आणि मला वाटेत खायला दोन पोळ्या फडक्यात बांधून दिल्या.

नदी मी एकट्यानं ओलांडली. पोळ्या तशाच फडक्यात बांधलेल्या राहिल्या.

शनिवारी दोघं मामाच्या गाडीतून आली. रविवारी भडगावचं प्रार्थनाघर भरलं होतं. भुसावळचे लोक आले, सुनंदा आली, सासरे कोट घालून आले. मागच्या बाजूला तोताराममामा हातात टोपी घेऊन अवघडून बसला होता. आबा पुरुषांत बसले, माय बायकांत चटईवर, नेहमी बसायची तशी. मी पुढे दोन खुर्च्या मांडल्या होत्या त्यांच्याकडे कुणी बघितलंही नाही.

पाळकसाहेबांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "त्या लग्नाचं काय ठरलं?" मी म्हटलं, "नको, साहेब. त्यांचं लग्न झालेलं आहे." ते म्हणाले, "मी तेच म्हणत होतो."

गायन झालं, प्रार्थना झाली, मग मुलानं साक्ष द्यायची वेळ आली. मी चार पानं लिहून आणली होती. आदर्श ख्रिस्ती संसार, आदर्श माता, आदर्श पिता, सगळं अलंकारिक. मी उभा राहिलो. आबांचा चेहरा माझ्या आवाजाच्या दिशेनं वळलेला होता, ते हसऱ्या तोंडानं वाट बघत होते. माझ्या ओठांवर आलं होतं. नुसतं तोंड उघडायचं होतं आणि सगळं बाहेर पडलं असतं. मोकळा झालो असतो मी. मी चटईकडे बघितलं. मायनं जरासं डोकं हलवलं. नाही.

मी पानं खिशात घातली. म्हटलं, "यांनी एकमेकांना सोडलं नाही. माझ्यासारख्यालाही सोडलं नाही. मी त्यांच्या लायकीचा मुलगा नाही. देवाचे उपकार." आणि मला रडू कोसळलं. मी खाली बसलो.

प्रार्थनाघरात सगळ्यांचे डोळे पाणावले. भक्ती संपल्यावर माणसं रांगेनं येऊन माझा हात हातात घेत होती. कुणी म्हणालं, काय तो नम्रपणा. कुणी म्हणालं, असं बोलायला मन लागतं. सासरे तर सगळ्यांदेखत माझ्या पाठीवर हात ठेवून आबांना म्हणाले, "व्याही, भाग्यवान आहात. मुलगा असावा तर असा."

आबा म्हणाले, "हो ना. त्यानीच बठ्ठं करं."

मी खाली मान घालून येईल त्याला नमस्कार करत राहिलो.